माझा आवाज बसला नव्हता

मुलुंडला एका दातांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं रिसेप्शनला आहे. फोन उचलायचा, अपॉइंटमेंट द्यायची आणि रूट कॅनलच्या नावाने घाबरलेल्या माणसाला सांगायचं, "काही दुखत नाही हो, सुई टोचते तेवढीच." आमचे डॉक्टर हाताने सोनं आहेत, पण तोंडाने कारलं. पेशंट धरून ठेवायचं काम माझ्या आवाजाचं होतं. ही माझी टिमकी नाही, डॉक्टर स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका बाईचा फोन आला. मी "नमस्कार, बोला" म्हटलं, तर ती म्हणाली, "डॉक्टर, खालची दाढ ठणकतेय हो कालपासून." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, रिसेप्शनवरून बोलतेय. ती म्हणाली, "सॉरी हं सर." मी तिला संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली.

त्या आठवड्यात असे तीन फोन आले. तिसऱ्याला मी दुरुस्त करायच्या भानगडीतच पडले नाही. दाढ कुठली, सूज आहे का, शुगर आहे का, सगळं विचारलं आणि मिठाच्या पाण्याने चूळ भरायला सांगितली. माणूस "थँक यू डॉक्टर" म्हणाला. अठरा वर्षांत मला कोणी एवढ्या आदराने थँक यू म्हटलं नव्हतं, तेही सांगून ठेवते.

सगळे म्हणत, आवाज बसलाय. मीही तेच म्हणत होते. ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यायले, गुळण्या केल्या. पण बसलेला आवाज कसा असतो ते मला माहीत आहे, तो फाटतो, मधेच गायब होतो. माझा फाटत नव्हता. चांगला स्वच्छ होता, फक्त खाली गेला होता. कणकवलीजवळच्या गावाहून आईचा फोन आला, मी "हं आये" म्हटलं, तर पलीकडून ती म्हणते, "कोण, जावयबापू? माझा चेडू खंय आसा?" मी म्हटलं, अगं मीच तुझी मुलगी. तिला पटवायला मला तिच्या गाईचं नाव सांगावं लागलं. मग ती रडायलाच लागली, म्हणाली, कोणाची तरी दृष्ट लागली. मी वैतागून फोन ठेवला.

आवाजाआधी बाकीचं सुरू झालं होतं, पण त्याबद्दल मी कोणापाशी बोलले नव्हते. शेहेचाळीसाव्या वर्षी मला पिंपल्स आले. पाठीवर, हनुवटीवर, मोठे, दुखरे. मुलगी पुण्याला नोकरी करते, ती व्हिडिओ कॉलवर हसली, "मम्मी, तू कॉलेजला ॲडमिशन घेतलीस का गं?" मग हनुवटीखाली केस आले. एखाद-दुसरा राठ केस चाळिशीनंतर कोणालाही येतो, पण हे रोज यायचे. पर्समध्ये चिमटा आला, दवाखान्याच्या बाथरूममध्ये दारावर हूक होता तिथे मी छोटा आरसा अडकवला. डोक्यावरचे मात्र गळत होते, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून, बापाचे गेले होते तसे. पाळी चार महिने आलीच नाही. मला वाटलं, सुटले.

बिल्डिंगमधल्या बायकांनी आपापल्या परीने उपचार केले. एकीने पुदिन्याचा चहा सांगितला, एकीने बेसन-हळद. तिसरी म्हणाली, "अगं, पीसीओडी असेल, माझ्या भाचीला आहे." भाची बावीस वर्षांची. मी पुदिन्याचा चहा महिनाभर प्यायले. तोंडाला वास बरा येतो, बाकी शून्य.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो घाटकोपरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, बावन्न वर्षांचा. स्वभावाने गरीब, म्हणजे कोणाशी भांडत नाही, कोणाला नाही म्हणत नाही. मी तापट. सोसायटीच्या मीटिंगला मी बोलते आणि तो माझ्या शेजारी बसून चपलेकडे बघतो. दहा वर्षं त्याला शुगर आहे. शुगरवाल्यांचा खांदा आखडतो म्हणतात, तसा त्याचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, शर्ट चढवताना कळवळायचा. फिजिओथेरपीवाल्याने मला दाखवून दिलं, गरम पाण्याने आंघोळ झाली की खांदा सैल पडतो, तेव्हाच तेल लावून चोळायचा, पंधरा मिनिटं, मानेच्या बुडापासून दंडापर्यंत. मी रोज चोळायचे. एकही दिवस खाडा नाही. तो बाथरूममधून टॉवेल गुंडाळून यायचा, बेडच्या कडेला बसायचा आणि मी तिळाचं तेल घेऊन मागे उभी राहायचे. खांदा हाताला चिकट लागायचा, स्पिरिटसारखा वास यायचा. मला वाटायचं, दाढीनंतरचं लोशन. "अंग जरा नीट पुसत जा की," मी बडबडायचे. तो "हो" म्हणायचा.

आधी मी बायकांच्या डॉक्टरकडे गेले. ती म्हणाली, वय झालं, पाळी जाताना असं होतं. स्किनच्या डॉक्टरने मलम दिलं आणि एक गोळी दिली, मुळात बीपीची, केस कमी करते म्हणाला. त्या गोळीने दिवसातून चौदा वेळा बाथरूमला पळायची वेळ आली. केस होते तिथेच. शेवटी आमचे दातांचे डॉक्टरच एक दिवस म्हणाले, "तुम्ही हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. हे नॉर्मल नाही." मग टेबलावरच्या मॉडेलचे दात उघडबंद करत म्हणाले, "आणि तोवर फोन जरा मॅडम घेतील. पेशंट गोंधळतात." मॅडम म्हणजे त्यांची बायको. मी म्हटलं, ठीक आहे. मला फायलींच्या खोलीत टेबल मिळालं. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप दिसतो. त्या दिवशी घरी येऊन मी रडेन असं मला वाटलं होतं. मी मेथी निवडली.

हार्मोनची डॉक्टर घाटकोपरची, पस्तिशीची पोरगी, पण शहाणी. नवरा बरोबर होता. तिने माझं बोलणं मध्ये तोडलं नाही. मग समजावलं. बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन असतंच, थोडं. ते दोन ठिकाणी तयार होतं, ओव्हरीत आणि किडनीच्या डोक्यावर एक ग्रंथी असते तिच्यात. पीसीओडीच्या मुलींना ते थोडं जास्त असतं, पण ते वयात आल्यापासून, हळूहळू. "तुमचं आठ महिन्यांत झालंय आणि आवाज बदललाय. आवाज बदलला की आम्ही घाई करतो," ती म्हणाली. तिने मला पडद्यामागे तपासलं. केस कुठे कुठे आहेत ते मोजलं, पोट, मांड्या, छाती, आणि खाली जिथे बघायला नको वाटतं तिथेही बघितलं. तिथेही फरक पडला होता. मला तो ठाऊक होता, पण दुसऱ्या कोणी तो कागदावर लिहीपर्यंत मी तो स्वतःपाशीही कबूल केला नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी मोबाईलवर आला. त्यात दोन ओळी असतात, पुरुषांसाठी एवढं ते एवढं, स्त्रियांसाठी एवढं ते एवढं. माझा आकडा बायकांच्या ओळीच्या कितीतरी बाहेर होता. पुरुषांच्या ओळीत मात्र अगदी मध्यावर, गुणी मुलासारखा. बाकी सगळं बरोबर होतं, थायरॉईड बरोबर, त्या ग्रंथीची हार्मोन्स बरोबर. मी रिपोर्ट नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा लावून वाचला आणि मोबाईल परत दिला. चहा घेणार का म्हणून मला विचारलं. तो कधी चहा करत नाही.

पोटाचा स्कॅन झाला, ग्रंथी स्वच्छ. आतून सोनोग्राफी झाली, तीही स्वच्छ. दोन्ही वेळा मला वाटलं की आता हायसं वाटेल, पण डॉक्टरच्या चेहऱ्यावरून कळलं की स्वच्छ असणं चांगलं नाही. तिने सगळे कागद टेबलावर पसरले आणि आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठलं औषध, पावडर, आयुर्वेदिक काही घेता का?" मी पुदिन्याचा चहा सांगितला. ती हसली नाही. "घरात दुसरं कोणी हार्मोनचं औषध घेतं का? जेल, क्रीम, स्प्रे? अंगाला लावायचं काही? कधी कधी ते हाताने दुसऱ्याला लागतं."

नवरा म्हणाला, "नाही नाही. आमच्याकडे तसलं काही नाही."

मी पण मान हलवली. मला काय माहीत!

"नक्की ना?" तिने त्याच्याकडे बघून विचारलं.

"च्छे," तो म्हणाला.

मग तिने सांगितलं की ओव्हरीत कधी कधी इतकी बारीक गाठ असते की सोनोग्राफीत सापडत नाही, आणि ती हे हार्मोन ओतत राहते. तुमचं वय बघता, मूल झालेलं आहे, पाळी थांबत आलीच आहे, तर दुर्बिणीतून दोन्ही ओव्हरी काढून टाकणं बरं. गाठ असली तर तिच्याबरोबर जाईल. त्यानंतर हाडांची काळजी घ्यावी लागेल, गरम वाफा येतील, त्याची वेगळी औषधं. तिने सर्जनचं नाव लिहून दिलं. सर्जनने त्याच संध्याकाळी पुढच्या पंधरवड्यातला गुरुवार दिला.

मी विचारलं होतं, आवाज परत येईल का? तिने माझ्याकडे सरळ बघून सांगितलं की केस कमी होतील, पिंपल्स जातील, आवाजाचं सांगता येत नाही. आवाज सहसा येत नाही. म्हणजे मी दोन्ही ओव्हरी देऊनही फायलींच्या खोलीतच बसणार होते. पण गाठ असेल तर ती काढायलाच हवी, तिला आवाजाशी देणंघेणं नाही. मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी सकाळी मी तेलाची वाटी घेऊन उभी राहिले तर नवरा शर्ट घालून बाहेर आला. म्हणाला, "राहू दे आता. खांदा बरा आहे. तू आधीच दमतेस." त्याचा खांदा बरा नव्हता. शर्टाची बाही घालताना त्याने दात आवळले ते मला दिसलं. आणि मला भरून आलं. हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहितेच. मला वाटलं, बघ, आयुष्यभर याला बोलत आलो आपण, आणि आता आपल्यावर आलंय तर हा माणूस स्वतःचं दुखणं गिळून आपली काळजी करतोय. मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "पप्पा किती स्वीट ना!"

ऑपरेशनच्या आधीचे ते दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतात त्या बिनकामाच्या गोष्टी. मी दोन नवे गाऊन आणले, पुढून बटणांचे, कारण पोटाला टाके. फ्रीज पुसला. मुलीने सुट्टी घेतली होती, ती बुधवारी येणार होती. कोणी विचारलं, भीती वाटते का, तर मी शोधून बघायचे, भीती कुठे आहे का. नव्हती. दाताला इंजेक्शन दिल्यावर माणूस स्वतःच्या गालाला बोट लावून बघतो, तसं मी बघायचे. कोणाचा तरी गाल.

शनिवारी नवरा केस कापायला गेला होता. त्याचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. सकाळचे अकरा वाजले होते, मी कांदा चिरत होते. फोन वाजला. स्क्रीनवर आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलचं नाव. त्याच्या शुगरच्या गोळ्या असतील म्हणून मी ओल्या हाताने उचलला आणि "हॅलो" म्हटलं.

"सर," मेडिकलवाला हळू आवाजात म्हणाला, "तुमचं ते जेल आलंय. स्टॉक नव्हता म्हणून उशीर झाला. काळ्या पिशवीत बांधून ठेवलंय नेहमीसारखं. तुम्ही येता का, की काकी बाहेर गेल्या की वर आणून देऊ?"

गेली बारा वर्षं हा माणूस मला ओळखतो. माझ्या सासूच्या औषधांपासून. मी सुरी खाली ठेवली.

"येतो," मी म्हटलं.

मी गॅस बंद केला. ओढणी घेतली. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची बाई भेटली, तिने तारीख विचारली, मी गुरुवार म्हणाले. दुकानात मेडिकलवाला एकटाच होता. मला बघून त्याने काउंटरवरची काळी पिशवी खाली घेतली.

"द्या ती," मी म्हटलं. "मीच बोलले फोनवर."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "काकी, मला वाटलं सर..."

"सगळ्यांनाच वाटतं. द्या."

त्याने दिली. मी तिथेच गाठ सोडली. पांढरी ट्यूब, खोक्यावर त्या हार्मोनचं नाव. गेले दोन महिने मी रोज ते नाव रिपोर्टवर वाचत होते, मला स्पेलिंग पाठ झालं होतं.

"कुठे लावायचं असतं हे?" मी विचारलं.

"खांद्याला. दंडाला. सकाळी आंघोळीनंतर." त्याचा आवाज खाली खाली जात होता. "सरांच्या शुगरच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय काकी, वाईट काही नाही. शुगरमध्ये पुरुषांचं कमी होतं, थकवा येतो..."

"किती दिवस घेतात?"

"झालं की वर्ष."

"आणि बायकोने तो खांदा चोळला तर?"

तो घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, बाईमाणसाचा हात लागता कामा नये. सुकू द्यायचं, वर शर्ट घालायचा. मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलंय काकी, देवाशप्पथ. आतल्या कागदावर पण आहे." मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि नजर वळवली.

मी खाली सोसायटीच्या बाकावर बसले आणि तो कागद उघडला. बारीक अक्षर, पण चष्मा माझ्या डोक्यावरच होता. स्त्रिया आणि मुलं यांचा त्वचेशी संबंध येऊ देऊ नये. लागल्यास साबणाने धुवावं. स्त्रीला पिंपल्स येणं, अंगावर केस वाढणं, आवाज घोगरा होणं अशी लक्षणं दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना सांगावं. माझं सगळं आजारपण त्या चार ओळींत होतं. खोकं दर महिन्याला आमच्या घरात येत होतं. रागाने माझं डोकं फुटायला हवं होतं. मी सोसायटीत लिफ्टच्या बल्बवरून आकाशपाताळ एक करणारी बाई आहे. मी कागद होता तसा घडी घालून खोक्यात ठेवला.

तो केस कापून आला तेव्हा पिशवी जेवणाच्या टेबलावर होती. त्याने ती बघितली आणि चपला काढल्या नाहीत, तसाच उभा राहिला.

"तुला सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"बघ, ती डॉक्टर बाई. तरुण पोरगी. तिच्यासमोर, तुझ्यासमोर, मी काय सांगू? की मला... माणसाला लाज असते गं."

"माझी चड्डी काढून तिने बघितली," मी म्हटलं. "तुम्ही पडद्याच्या अलीकडे बसला होतात."

तो पिशवीकडे बघत म्हणाला, "मला आधी खरंच माहीत नव्हतं की एवढं होतं. वाटलं वाळलं की झालं. तिने विचारलं तेव्हा लक्षात आलं. म्हणून तर चोळणं बंद केलं ना मी!" हे तो असं म्हणाला की जणू त्याचं मला काही कौतुक वाटावं. "म्हटलं ऑपरेशनच्या आधी परत एकदा रक्त तपासतीलच. उतरलेलं असेल. मग आपोआप..."

"परत तपासणार नव्हते. तारीख दिली होती."

"हो, पण मला वाटलं तपासतील."

मी कांदा चिरायला घेतला. मग त्याने चपला काढल्या, डाव्या हाताने, कारण उजवा ताणला की दुखायचा. मला आत कुठेतरी काहीतरी व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. जेवायला आमटी-भात केला. तो जेवला. मीही जेवले.

सोमवारी मी एकटी डॉक्टरकडे गेले आणि ट्यूब तिच्या टेबलावर ठेवली. तिने ट्यूब बघितली, मग मला बघितलं. "कोण?" तिने विचारलं. मी सांगितलं, रोज सकाळी पंधरा मिनिटं. तिने डोळे मिटले, क्षणभरच. मग एक जुना रिपोर्ट काढून मला दाखवला, मेंदूतून ओव्हरीला हुकूम देणारी दोन हार्मोन्स असतात, ती माझ्यात अगदी खाली दबलेली होती, बाहेरून हार्मोन आलं की दबतात तशी. "हे मला खटकत होतं. म्हणूनच मी विचारलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, माझ्यावर नव्हे. मला तिचा हेवा वाटला. तिने माझ्यासमोर सर्जनला फोन लावून गुरुवार रद्द केला. औषध काही दिलं नाही. हाच उपचार, म्हणाली, त्या जेलपासून लांब राहायचं, सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं.

नवऱ्याने जेल बंद केलं. त्याच्या डॉक्टरने त्याला दुसरं काहीतरी सुचवलं आहे, ते इंजेक्शन आहे, तो घेतो की नाही मी विचारत नाही. खांद्यासाठी तो आता बाहेर जातो. सहा आठवड्यांनी माझा आकडा बायकांच्या ओळीत परत आला होता. पिंपल्स गेले. पाळी आली, तिला येऊन काय करायचं होतं कोण जाणे. केस बारीक झाले, जे उरले त्यांच्यासाठी लेझर चालू आहे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं, रिपोर्ट चुकला होता. आईने गाऱ्हाणं घातलं होतं, तिला वाटतं देवाने ऐकलं. मुलीला मी खरं सांगितलं. ती चार दिवस पप्पांशी बोलली नाही, मग बोलायला लागली.

आवाज आला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरने दुर्बीण घालून दाखवलं, स्वरतंतू जाड झाले आहेत, ते परत बारीक होत नाहीत. आता मी आठवड्यातून एकदा आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे जाते. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत सूर लावायचा. या वयात बुडबुडे! त्याने थोडा चढतो, फोनवर पुरेल एवढा नाही. दवाखान्यात फोन मॅडमच घेतात. त्या पेशंटला "दुखेल थोडं, सहन करा" म्हणतात. मला आत ऐकू येतं.

त्या गोष्टीवरून आम्ही भांडलो नाही. लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण नाही भांडलो. तोही वाट बघून कंटाळला असावा, हळूहळू पूर्वीसारखा बोलायला लागला, पाण्याचं, गॅसचं, भाजीचं. मागच्या रविवारी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. मी आंबोळ्या केल्या होत्या. तो तिसरी मागत होता आणि मला एकदम ते विचारावंसं वाटलं. इतके महिने विचारलं नव्हतं, कारण उत्तर हो असो की नाही, ते मला नको होतं.

"अहो, खरं सांगा. शनिवारी तो फोन मी उचलला नसता तर गुरुवारी तुम्ही काय केलं असतंत?"

तो गोंधळला. चटणीचा चमचा हातात तसाच राहिला. मग थोडा दुखावल्यासारखा म्हणाला, "म्हणजे काय? असतोच ना मी तिथे. बाहेर बसलो असतो. चार दिवस रजा टाकली होती तुझ्यासाठी."

खरं होतं ते. रजेचा अर्ज त्याने माझ्यासमोरच मोबाईलवर भरला होता, डॉक्टरला नाही म्हणाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कारणाच्या जागी काय लिहू, असं त्याने मलाच विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं, लिहा, पत्नीचं आजारपण.